किनाऱ्याचा आवाज नोंदवताना

१२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात क्वागाची शेवटची मादी मेली. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतला झेब्रा. त्याच्या डोक्यावर, मानेवर आणि खांद्यांवर पट्टे असत आणि मागचा भाग साधा तपकिरी असे. रानातले क्वागा त्याच्या काही वर्षे आधीच शिकारीने संपले होते. इतर झेब्र्यांच्या गर्दीत ही जात वेगळी नाहीशी होते आहे, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका क्वागा मादीची छायाचित्रे उरली आहेत. संग्रहालयांत जपलेल्या कातड्यातून १९८४ साली या प्राण्याचा डीएनएही मिळाला. आवाज मात्र कातड्यात राहत नाही. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालीच आला होता, तरीही क्वागाचा आवाज कोणी टिपून ठेवला नाही.

क्वागा संपला त्याच्या पुढच्याच महिन्यात, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना झाली. निसर्गाची नोंद ठेवण्याची एवढी जुनी परंपरा आपल्या शहराला आहे. पण ही नोंद मुख्यतः पाहिलेल्याची आणि लिहिलेल्याची. ऐकलेल्याची नोंद त्या मानाने फार थोडी. ती ठेवायला कोणी मोठा शास्त्रज्ञ असावे लागत नाही. पक्ष्याच्या आवाजाचे सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ सालचे आहे. जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने घरातल्या पाळीव शामा पक्ष्याचे गाणे मेणाच्या नळकांड्यावर टिपले होते. शामा आपल्या सह्याद्रीतही आहे. त्याचा जवळचा भाऊबंद दयाळ आजही मुंबईतल्या झाडांवर गातो.

आज आपल्या खिशातला फोन त्या नळकांड्याच्या कितीतरी पुढे गेला आहे. कमी आहे ती पद्धतीची आणि सातत्याची. ती कशी आणायची हे या लेखात सांगतो आहे, आणि त्यासाठी जागा घेतली आहे वरळी कोळीवाडा. पुस्तकात कधी न वाचलेला आवाज तुमच्या घराजवळ असतो, तो तारखेसकट पुन्हापुन्हा नोंदवला की त्यातून इतिहास तयार होतो, एवढेच मला सांगायचे आहे. तुमची जागा गिरगाव चौपाटी असेल, शिवडीची खाडी असेल किंवा परळच्या चाळीमागचे एखादे पिंपळाचे झाड असेल, तरी पद्धत हीच.

वरळीचे टोक का?

वरळीच्या उत्तर टोकाला तिन्ही बाजूंनी पाणी आहे. पश्चिमेला उघडा समुद्र, पूर्वेला माहीमचा उपसागर, टोकावर इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला किल्ला. शेजारी होड्या लागतात, खडकांवर बायका कालवे फोडतात, घारी आणि कावळे मासळीच्या आशेने घिरट्या घालतात. २००९ पासून समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू आहे आणि २०२४ पासून दक्षिणेकडून सागरी किनारा रस्त्यावरची वाहने येऊ लागली आहेत. या रस्त्यासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळे हलवावी लागली. होड्यांना सुरक्षित ये-जा करता यावी म्हणून रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधले अंतर वाढवून मिळावे यासाठी इथल्या मच्छीमारांनी लढा दिला आणि एका ठिकाणी ते ६० मीटरऐवजी १२० मीटर करण्याचा निर्णय झाला.

एवढ्याशा जागेत समुद्र, खडक, वस्ती, पक्षी आणि महानगर एकत्र ऐकू येतात, आणि त्यांचे आपसातले प्रमाण बदलते आहे. सागरी सेतू येण्याआधीची इथली पहाट कशी होती, हे विचारायचे तर जुन्या माणसांच्या आठवणींकडे जावे लागते. वीस वर्षांनी हाच प्रश्न आजच्या पहाटेबद्दल कोणी विचारील. त्या वेळी त्याच्या हाती काहीतरी ठोस असावे.

वेळ ठरवा: तिथी, वारा आणि ऋतू

किनाऱ्यावर ध्वनिमुद्रण करायचे तर घड्याळाआधी पंचांग पाहावे. कोकणपट्टीत एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्येला आणि पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि रोज ही वेळ जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब अंदाजापुरता. निघण्याआधी त्या दिवसाचा मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहावाच.

आपल्या कामासाठी यातून दोन गोष्टी मिळतात. खडक उघडे पडलेले आणि पक्षी जागे झालेले, असे दोन्ही एका वेळी हवे असेल तर अमावास्या-पौर्णिमेपासून द्वितीयेपर्यंतच्या पहाटा निवडा. त्या दिवसांत पहाटे साडेपाच ते साडेसातच्या दरम्यान पाणी सर्वांत खाली असते आणि उधाणाचे दिवस असल्याने ते नेहमीपेक्षा जास्त मागे हटते. उलट, किल्ल्याखालच्या दगडांवर आपटणाऱ्या भरल्या समुद्राचा आवाज पहाटेच्या शांततेत हवा असेल तर अष्टमी-नवमी धरा. ते भांगाचे दिवस. पाणी फार चढत-उतरत नाही, पण पहाटे भरती असते.

दुसरी गोष्ट वारा. सकाळ वर आली की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि दुपारपर्यंत मायक्रोफोनमध्ये त्यांच्याशिवाय काही ऐकू येत नाही. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते मंद असतात, आणि हिवाळ्यात तर बऱ्याचदा हवा जवळपास स्थिर असते. म्हणून सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्योदयानंतर तासभर, ही वेळ पक्की करा. मुंबईत सूर्योदय मेअखेरीस सहाच्या आसपास होतो आणि जानेवारीत सव्वासातच्या आसपास, हे लक्षात ठेवून निघावे.

तिसरी गोष्ट ऋतू. ऑक्टोबर ते मार्च हा पाहुण्या पक्ष्यांचा काळ. कुरव थव्याने येतात, किनाऱ्यावर तुतवार आणि टिलवे फिरतात. टिलवा उडताना तीन-चार सुरांची शीळ घालतो. ती एकदा ओळखीची झाली की गर्दीतही वेगळी ऐकू येते. मार्चपासून कोकीळ सुरू होतो, आणि त्याच सुमारास कावळ्यांचा विणीचा हंगाम जवळ येतो. कावळ्याच्या घरट्यात वाढणारे कोकिळेचे पिल्लू अन्नासाठी ओरडते तो आवाज वस्तीत सहज मिळतो आणि त्याची नोंद फार थोडे लोक करतात.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. एरवी इथल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या तळाशी इंजिनाची धडधड असते, ती या दोन महिन्यांत जवळजवळ थांबते. पाऊस आणि वारा त्रास देतात, पण आडोशाला बसून, दोन सरींच्या मधल्या वेळात, इंजिनाविना समुद्र ऐकण्याची ही वर्षातली एकमेव संधी. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी परिसराचे सगळे ध्वनी एकत्र ऐकण्याचा विचार जगापुढे मांडला. त्यांचा जन्मदिवस, १८ जुलै, हा जागतिक श्रवण दिन म्हणून पाळला जातो आणि तो नेमका याच बंदीच्या काळात येतो. वर्षाची एक ठरलेली नोंद त्या दिवशी करायला हरकत नाही. दुसरी नोंद नारळी पौर्णिमेनंतरची करा. बंदीतला किनारा आणि होड्या पुन्हा पाण्यात उतरल्यानंतरचा किनारा या दोन मुद्रणांची तुलना तुम्हाला पुष्कळ काही शिकवील.

साहित्य: फोनपासून सुरुवात

पहिले सहा महिने काही विकत घेऊ नका. फोन पुरे. फक्त चार गोष्टी सांभाळा.

एक, फोन विमान मोडवर टाका. मध्येच फोन वाजला तर नोंद गेली.

दोन, ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही किंवा लॉसलेस असा पर्याय निवडा. एमपी३सारखे दाबलेले स्वरूप माणसाच्या बोलण्यासाठी चालते, पण त्यात बारीक, उंच आवाज गमावले जातात. ॲपमध्ये आपोआप आवाज वाढवणारी किंवा गोंगाट काढून टाकणारी सोय असेल तर ती बंद करा. फोनच्या दृष्टीने लाट हा गोंगाटच असतो, आणि तो ती इमानेइतबारे पुसून टाकतो.

तीन, फोन हातात धरू नका. बोटांची हालचाल, बांगड्या, नायलॉनच्या जॅकेटची सळसळ हे सगळे मुद्रणात येते. घडी घातलेल्या जाड टॉवेलवर किंवा छोट्या तिवईवर फोन ठेवा, मायक्रोफोनचे छिद्र आवाजाच्या दिशेला करा आणि चार-पाच पावले मागे जाऊन स्वस्थ उभे राहा.

चार, वाऱ्याकडे पाठ करा आणि मायक्रोफोनला आडोसा द्या. भिंत, होडीची बाजू, दगड, काहीही चालते.

पुढे खर्च करायची तयारी झाली की हातात मावणारा रेकॉर्डर घ्या आणि त्यासोबत फरचे वाराविरोधी आवरण घ्याच. समुद्रकिनाऱ्यावर महागड्या रेकॉर्डरपेक्षा हे आवरण जास्त उपयोगी पडते. रेकॉर्डरवर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ही मांडणी ठेवा. स्टिरिओमध्ये एका मिनिटाला साधारण १७ एमबी आणि तासाला सुमारे एक जीबी जागा लागते, म्हणून मेमरी कार्ड त्या बेताने निवडा. आवाजाची पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाजही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. किनाऱ्यावर एखादी मोठी लाट किंवा डोक्यावरून ओरडत जाणारी घार अचानक पातळी वर नेते. एकदा आवाज फाटला की तो दुरुस्त होत नाही. ज्या रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोट सोय असते तिथे ही चिंता बरीच कमी होते.

लांबचा पक्षी जवळ आणण्यासाठी महाग मायक्रोफोन शोधण्याआधी एक साधा नियम आठवा. उघड्या जागी अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. दहा पावले पुढे जाणे हेच बऱ्याचदा सर्वांत चांगले साधन. मात्र पक्षी चारा खाणे थांबवून मान वर करून पाहू लागला, तर तुम्ही नको तितके जवळ गेला आहात. तिथेच थांबा, किंवा दोन पावले मागे या.

पाण्याखाली कान

वरळीची खरी श्रीमंती पाण्याखाली आहे, आणि ती फार थोड्यांनी ऐकली आहे. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, तिथे जीव आवाजावर जगतात.

खडकाळ किनाऱ्याजवळ पाण्यात मायक्रोफोन सोडला की पहिल्यांदा ऐकू येते ती अखंड तडतड, गरम तेलात मोहरी टाकावी तशी. ही पिस्टल श्रिम्प नावाच्या छोट्या कोळंबीची करामत. तिची एक नांगी दुसरीपेक्षा खूप मोठी असते. ती नांगी ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात क्षणभर एक पोकळ बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा फुटताना जो आवाज होतो तो आपण ऐकतो. भक्ष्याला बधिर करायला तिला तेवढा पुरतो. ही तडतड दाट आहे की विरळ, यावरून खडकाळ तळाच्या जिवंतपणाचा अंदाज जगभरचे अभ्यासक घेतात.

मग मासे. घोळ, कोथ, ढोमा ही कोळणीच्या पाटीतली ओळखीची नावे. हे सगळे एकाच कुळातले, आणि हे कूळ आवाज करण्यासाठी प्रसिद्ध आहे. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्या बाजूचे स्नायू वेगाने आखडून हा मासा ती पिशवी ढोलासारखी वाजवतो. विणीच्या काळात असे अनेक मासे एकत्र वाजवू लागले की पाण्यात सामूहिक घुमणे ऐकू येते. घोळीच्या याच पिशवीला कोळी बोत म्हणतात, आणि वाळवलेल्या बोताला परदेशी बाजारात एवढा भाव मिळतो की एका चांगल्या जाळ्यात कोळ्याचे नशीब उघडते. ज्या अवयवासाठी हा मासा एवढा महाग झाला, तो त्याचा आवाजाचा अवयव आहे. शिंगाळाही आवाज करतो. त्याच्या परातला काटा सांध्यात घासला की करकर होते. जाळ्यातून काढलेला शिंगाळा हातात असतानाही ती ऐकू येते.

गोव्यातल्या ग्रांडे बेटाजवळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्याखाली ध्वनिग्राहक ठेवले, तेव्हा माशांचे सामूहिक स्वर तर मिळालेच, पण हंपबॅक व्हेलचे गाणेही नोंदले गेले. अरबी समुद्रातले हे व्हेल संख्येने अत्यंत थोडे आहेत. आपल्या किनाऱ्यापुढे ते आहेत याचा पुरावा कानांनी दिला.

पाण्याखाली ऐकण्याच्या मायक्रोफोनला हायड्रोफोन म्हणतात. तयार हायड्रोफोन महाग असतो, पण शिकण्यापुरता घरी बनवता येतो. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पिझोची पितळी चकती अगदी स्वस्तात मिळते. तिला जाळीचे आवरण असलेली पाच-सहा मीटर वायर झाळा, दुसऱ्या टोकाला रेकॉर्डरला बसणारी पिन जोडा, आणि चकती व झाळलेला भाग इपॉक्सीमध्ये पूर्ण बुडवून वाळू द्या. बाहेर नेण्याआधी बादलीभर पाण्यात तपासा. आवाज पातळ आणि चिरका वाटला तर मध्ये छोटा प्रीॲम्प्लिफायर लागतो. तोही त्याच बाजारात मिळेल, दुकानदाराला पिझोसाठी हवा असे स्पष्ट सांगा.

वापरताना वजन वायरला बांधू नका. वेगळी दोरी घ्या, तिच्या टोकाला लोखंडी नट बांधा आणि हायड्रोफोन त्या दोरीला अडकवा. दोरी होडीच्या बाजूला घासू देऊ नका, इंजिन बंद असू द्या, आणि चकती तळाच्या चिखलापासून हातभर वर ठेवा. रेकॉर्डर प्लास्टिकच्या बंद पिशवीत राहू द्या. काम झाले की सगळे साहित्य गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, कारण खाऱ्या हवेत पिना महिन्याभरात गंजतात.

माणसांची परवानगी आणि स्वतःची काळजी

कोळीवाडा ही लोकांची राहती जागा आहे. गल्ल्या अरुंद आहेत, दारे उघडी असतात, बोलणे रस्त्यावर ऐकू येते. पहिल्या दिवशी मायक्रोफोन बाहेर काढू नका. धक्क्यावर जा, बसा, बोला. कोणी काका जाळे विणत असतील त्यांना काय करायचे आहे ते सांगा, मच्छीमार सोसायटीत जाऊन कल्पना द्या. होडीतून जायचे असेल तर तांडेलाची, म्हणजे होडीच्या प्रमुखाची, संमती हवी, आणि त्याच्या वेळेचे व डिझेलचे पैसे आधी ठरवून द्यावेत. अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये.

मासळी विकणाऱ्या मावश्यांचा पुकारा, लिलावाचा गलका, नारळी पौर्णिमेची गाणी हे सगळे या किनाऱ्याच्या आवाजाचा भाग आहे. पण ज्यांचा आवाज ओळखू येईल त्यांना आधी विचारा, नंतर ऐकवा, आणि त्यांनी नको म्हटले तर फाईल पुसून टाका. कोणाचे खासगी बोलणे चुकून आले असेल तर ते कुठेही प्रसिद्ध करू नका.

इथल्या जाणत्या माणसांना आणखी एक गोष्ट विचारा: तुमच्या लहानपणी इथे काय ऐकू येत असे? वल्ही, शिडे, पक्षी, कोल्हे, भोंगे, जे आठवेल ते. हे बोलणे परवानगीने मुद्रित करा. वारा पडला की समुद्राचा आवाज कसा बदलतो, मासळीचा थवा जवळ आला हे कसे कळते, याबद्दल अनुभवी तांडेलाकडून जे मिळेल ते कोणत्याही उपकरणातून मिळणार नाही.

नौदलाचा आयएनएस त्राता हा तळ वरळीतच आहे. ओळखपत्र जवळ ठेवा, कुंपणाजवळ किंवा सुरक्षा असलेल्या भागाच्या दिशेने यंत्रे लावू नका, आणि कोणी विचारले तर शांतपणे मुद्रण ऐकवून दाखवा.

ओहोटीत उघडे पडलेले खडक शेवाळाने निसरडे असतात. एकट्याने जाऊ नका, पकड असलेली पादत्राणे घाला आणि ओहोटी पूर्ण झाली की परत फिरा. कानाला हेडफोन असताना मागून चढणारे पाणी कळत नाही. म्हणून एक जण मुद्रण करील आणि दुसरा समुद्राकडे लक्ष ठेवील, अशी जोडी करा. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचा इशारा असेल त्या दिवशी खडकांवर उतरूच नका. उलथवलेला दगड पुन्हा तसाच ठेवा. आणि पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचा आवाज फोनवरून वाजवू नका. विणीच्या काळात त्याने नर पक्ष्याची दमछाक होते आणि घरटे उघडे पडते.

मुद्रण कसे करावे

जागा निवडा आणि ती बदलू नका. किल्ल्याजवळची एक, धक्क्याजवळची एक, माहीमच्या बाजूची एक अशा तीन जागा पुष्कळ झाल्या. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे सलग मुद्रण करा. पहिल्या मिनिटात तुमच्या येण्याने दबलेले पक्षी आणि खेकडे पुन्हा आपल्या कामाला लागतात, खरी नोंद त्यानंतरची.

मुद्रण संपताना, बटण बंद करण्याआधी, स्वतःच्या आवाजात बोला: तारीख, वेळ, जागा, तिथी, पाणी चढते की उतरते, वारा कुठून, आभाळ कसे, काय दिसले, आसपास कोणते यंत्र चालू होते. हे अर्धे मिनिट कायम त्या फाईलसोबत राहते. फाईलचे नाव हरवले तरी नोंद हरवत नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी फाईलला नाव द्या: जागा, वर्ष-महिना-दिवस, वेळ, या क्रमाने. मूळ फाईल कधीही कापू नका, त्यावर प्रक्रिया करू नका. जे करायचे ते प्रतीवर. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक वही करा आणि तिच्यात प्रत्येक नोंदीला एक ओळ द्या.

मग ऐकण्याबरोबर पाहायला शिका. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर ध्वनीचे चित्र दाखवते. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष सुराच्या उंचीचा. रहदारीची घरघर तळाशी पसरलेल्या डागासारखी दिसते, कोकिळाची हाक वर चढणाऱ्या रेषांसारखी, घारीचा थरथरता स्वर लहरत्या रेषेसारखा आणि पाण्याखालची तडतड वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या उभ्या रेघांसारखी. थोड्याच दिवसांत कोण बोलते आहे हे चित्रावरूनही कळू लागते.

आवाजावरून पक्षी ओळखणारी मर्लिन आणि बर्डनेट ही ॲप मदतीला आहेत. त्यांचे उत्तर सूचना म्हणून घ्या. गोंगाटात ती चुकतात. पक्षी डोळ्यांनी दिसला किंवा जाणकाराने ऐकून खात्री केली, तरच वहीत पक्के नाव लिहा. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ जवळ ठेवा. चांगली, स्वच्छ मुद्रणे झेनो-कँटो या खुल्या ध्वनिसंग्रहात किंवा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या यादीसोबत देता येतात. ती जगभरच्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतात, आणि शहराच्या किनाऱ्यांवरची मुद्रणे त्यांना हवीच असतात.

गोंगाट कापू नका

नवशिक्याला वाटते की वाहनांचा आवाज आला म्हणजे मुद्रण वाया गेले. तसे नाही. टिलव्याची शीळ आणि सेतूवरची घरघर एकाच फाईलमध्ये असणे, हीच आजच्या वरळीची खरी नोंद. आवाज वाढला की पक्षी वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या उंचीच्या सुरात बोलू लागतात, हे जगातल्या अनेक शहरांत दिसले आहे. आपल्याकडे काय होते, हे सांगायला आधीच्या आणि नंतरच्या फायली लागतील.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. आवाज फाउंडेशन या संस्थेच्या सुमैरा अब्दुलाली यांनी मुंबईत वर्षानुवर्षे डेसिबलच्या नोंदी घेतल्या, म्हणून या शहरात गोंगाटाचा प्रश्न आकड्यांत मांडता आला. फोनवरचे डेसिबल मोजणारे ॲप प्रमाणित नसते, त्याचा आकडा तक्रारीत पुरावा म्हणून टिकत नाही. पण त्याच फोनने, त्याच जागी, त्याच वेळी महिनोन्महिने घेतलेले आकडे बदलाची दिशा नक्की दाखवतात.

झेब्र्याच्या देशात जाणार असाल तर

क्वागाचा आवाज आता मिळणार नाही, पण इतर झेब्रे अजून ऐकता येतात. केनिया-टांझानियाच्या सहलींना आता मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने जातात. जाताना रेकॉर्डर न्या. मैदानी झेब्रा घोड्यासारखा खिंकाळत नाही. तो भुंकल्यासारखी, दोन टप्प्यांची हाक पुन्हापुन्हा देतो, श्वास आत घेताना एक आणि सोडताना दुसरा स्वर. कळपातून दुरावलेला झेब्रा या हाकेने आपल्या सोबत्यांना शोधतो. उत्तर केनियातल्या सांबुरू भागात ग्रेव्ही झेब्रा दिसतो. त्याच्या अंगावरचे पट्टे बारीक असतात आणि आवाज गाढवाच्या ओरडण्याच्या जवळचा असतो. दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली की सारख्या दिसणाऱ्या प्राण्यांत केवढा फरक असू शकतो ते कळते.

गाडीतून मुद्रण करताना चालकाला विनंती करून इंजिन बंद करवा आणि सोबतच्यांना दोन मिनिटे कॅमेरे व बोलणे थांबवायला सांगा. रेकॉर्डर खिडकीच्या काठावर कापडी पिशवीवर ठेवा, खिडकीबाहेर हात काढू नका, गाडीतून उतरू नका. सर्वांत चांगली मुद्रणे मुक्कामाच्या ठिकाणी रात्री मिळतात. तंबूच्या व्हरांड्यात रेकॉर्डर चालू ठेवून झोपा. झेब्रा, तरस आणि सिंह रात्रीच जास्त बोलतात. किनाऱ्यावर शांत उभे राहण्याची, पातळी लावण्याची आणि शेवटी तारीख-जागा बोलण्याची सवय तिथे उपयोगी येते. म्हणून आफ्रिकेची तयारी वरळीत करावी.

पहिल्या वर्षाचे वेळापत्रक

महिन्यातून दोनदा जा: एकदा अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या पहाटे, एकदा अष्टमी-नवमीच्या पहाटे. दर वेळी त्याच तीन जागा, दहा-दहा मिनिटे. तिमाहीतून एकदा, होडी मिळाल्यास, पाण्याखालची नोंद. १८ जुलै आणि नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार या दोन ठरलेल्या तारखा. वर्षाअखेरीस जमलेल्या फायलींमधून प्रत्येक ऋतूतली एक निवडा आणि कोळीवाड्यातल्या मुलांना, ज्यांनी तुम्हाला मदत केली त्या माणसांना, एकत्र बसवून ऐकवा. त्यांच्या किनाऱ्याची नोंद पहिल्यांदा त्यांच्या हाती जायला हवी. सगळ्या फायलींची एक प्रत तिथल्या शाळेला किंवा सोसायटीला द्या.

जमले तर दोन-तीन मित्रांचा गट करा आणि पाळ्या वाटून घ्या. एकट्याचा उत्साह पहिल्या पावसाळ्यात मावळतो, गटाचा टिकतो. आज रात्री फोनमधले ॲप डब्ल्यूएव्हीवर लावा, कॅलेंडरात येती अमावास्या किंवा पौर्णिमा कोणत्या वारी आहे ते पाहा, त्या पहाटेचा गजर लावा आणि सोबत कोण येणार ते आत्ताच विचारून ठेवा.